डावा हातमोजा

एकूण दोन वर्षं सात महिने.
त्यातले चार महिने व्हॅन बंद होती,
म्हणजे खरं तर आणखी कमी.

नाव सापडलं थंडर बेच्या धक्क्यावर,
धान्याच्या उंच कोठारांखाली, बर्फात रुतलेल्या
एकट्या लोकरी हातमोज्यात.
ग्लेन म्हणाला, हेच ठेवू.
त्याचा जोड शोधायला कुणी गेलं नाही.

तालीम तूलीच्या वडिलांच्या सॉनात,
म्हणजे बाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत.
शनिवारी ओइवा आत तापल्या दगडांवर पाणी टाकायचे
आणि भिंतीअलीकडे आमच्या तारा
एकेक करून सैल पडायच्या.
सूर लावायचा, उतरायचा, परत लावायचा.
शेवटी नाद सोडला,
उतरल्या सुरातच गाणी बसवली.
विनिपेगच्या एका चोपड्यात कुणीतरी लिहिलं:
‘जाणीवपूर्वक विस्कटलेला आवाज’.
ऑर्विलनं ते कात्रण पाकिटात ठेवलं, लायसन्सच्या मागे.
पोलिसानं अडवलं की दोन्ही दाखवायचा.

विनिपेगला सातशे किलोमीटर.
इग्नेसच्या अलीकडे भर रस्त्यात मूस उभा,
दिव्यांकडे पाहत, हलायला तयार नाही.
अर्धा तास थांबलो. हॉर्न वाजवला नाही.
तूली म्हणाली, इतकं नीट आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

त्या रात्री समोर नऊ माणसं.
चार पुढच्या बँडची, एक पबवाला, एक त्याची सासू.
आमच्या गाण्यांत नमनालाच घडाभर तेल;
शब्द सुरू होईपर्यंत सासूबाई कोट घालायला लागल्या.
मग दारात थांबल्या,
एक हात बाहीत, एक बाहेर,
गाणं संपेपर्यंत.
मी अजून कधीकधी त्यांच्यासाठीच वाजवतो.

पाचशे कॅसेटी काढल्या, माझ्या उधारीवर.
वेष्टनं कागदाच्या गिरणीत, रात्रपाळीत,
मोठ्या पात्याखाली मीच कापली. सगळी थोडी तिरकी.
एकशे अठ्ठ्याऐंशी खपल्या.
बाकीच्या ओइवांच्या जिन्याखाली.

भांडण झालं नाही.
ऐकणाऱ्याला वाटतं, व्हायला हवं होतं.
टोरंटोहून पत्र आलं, त्यात दुसऱ्याच बँडचं कौतुक होतं.
आम्ही ते त्यांना पुढे पाठवलं,
पदरचं तिकीट लावून.
मग ग्लेनला मूल झालं.
तूलीला सडबरीत नर्सिंगला जागा मिळाली.
ऑर्विलनं ड्रम विकून
गोठल्या सरोवरावर बसून मासे धरायची टपरी घेतली.
शेवटचा कार्यक्रम कर्लिंग क्लबात झाला,
शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
दुसऱ्या गाण्यात मी चुकलो.
म्हटलं, पुढच्या वेळी.

या मार्चमध्ये ओइवा गेले.
जिन्याखाली कॅसेटींचे खोके होते तसेच,
फक्त बऱ्याचशा कॅसेटींच्या वरच्या खाचा
चिकटपट्टीनं बुजवलेल्या, हातानं, नीट.
आमच्यावर म्हाताऱ्यानं स्वतःला टेप केलं होतं.
वर्षानुवर्षं, रोज दोन-तीन वाक्यं, फिनिशमध्ये.

पायरीवर बसून तूली अर्थ सांगत गेली.
बर्फ अठरा इंच.
सॉना तापवला, कुणी आलं नाही.
बर्फ वीस इंच. गुडघा बरा.
वारा पूर्वेला वळला.
इथे ती थांबली.
त्यांच्या भाषेत तूली म्हणजे वारा.
सडबरी पूर्वेलाच.

कुणी काही बोललं नाही.
टेपवर खुर्ची सरकली, म्हातारा खाकरला,
मग खट्.

आणि गाण्याच्या मधूनच,
सुरापेक्षा थोडे खाली,
आम्ही.

ऑर्विल कान देऊन ऐकत राहिला.
म्हणाला, अरे, इथंही तू चुकलायस.